अमेरिकेतला विल्डरनेस कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहून ट्रेक करणारी मराठी मंडळी आणि सह्याद्रीत भटकणारे मित्र, दोघांकडूनही काही प्रश्न पुन्हापुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अवघड. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. परमिटांचे नियम हंगामानुसार बदलतात, त्यामुळे निघण्याआधी त्या ठिकाणचं अधिकृत संकेतस्थळ पाहाच.

१. विल्डरनेस म्हणजे नॅशनल पार्कच ना? वेगळं नाव कशाला?

नॅशनल पार्क, नॅशनल फॉरेस्ट, वन्यजीव आश्रयस्थान या वेगवेगळ्या खात्यांच्या सरकारी जमिनी आहेत. विल्डरनेस हा रान रस्ते आणि बांधकामांपासून मुक्त ठेवण्यासाठी त्या जमिनीवर वरून चढवलेला कायदेशीर दर्जा आहे. तो मिळाला तरी जमीन मूळ खात्याकडेच राहते, पण त्या खात्याचे हात बांधले जातात. पार्क सेवा, वनसेवा, मत्स्य व वन्यजीव सेवा आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट अशा चार खात्यांकडे असे भाग आहेत.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कचं उदाहरण घ्या. आपण ज्या खोऱ्यात गाडी लावतो, जिथे हॉटेलं आणि शटल बस आहेत, तो पार्कचा लहानसा तुकडा आहे. पार्कची ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन विल्डरनेस आहे. तिथे रस्ता नाही, आणि कायदा आहे तोवर होणारही नाही. माणसाने इथे पाहुणा म्हणून यावं आणि परत जावं, अशा अर्थाचं वाक्य कायद्याच्या व्याख्येतच आहे.

२. हा कायदा आला कसा? अमेरिकेत तर रस्ते आणि धरणं बांधण्याचा केवढा उत्साह!

त्या उत्साहातूनच तो आला. १९२४ साली वनसेवेने आपलेच अधिकारी आल्डो लिओपोल्ड यांच्या आग्रहावरून न्यू मेक्सिकोतलं गिला हे रान रस्त्यांपासून मुक्त ठेवलं. पण तो खात्याचा आदेश होता. खात्याने दिलेलं खातंच काढून घेऊ शकतं, आणि पुढच्या काळात लाकडाची मागणी वाढली तशा अशा राखीव रानांच्या हद्दी आक्रसूही लागल्या. १९३५ मध्ये लिओपोल्ड, बॉब मार्शल आणि त्यांच्या सोबत्यांनी विल्डरनेस सोसायटी स्थापन केली.

खरी ठिणगी पडली ती १९५० च्या दशकात. युटा आणि कोलोरॅडोच्या सीमेवरच्या डायनासोर नॅशनल मॉन्युमेंटमध्ये एको पार्क इथे धरण बांधायचं ठरत होतं. देशभर विरोध झाला आणि १९५६ मध्ये ते धरण योजनेतून वगळलं गेलं. पण दर वेळी धरण आलं की लढायचं, हे किती दिवस चालणार? त्याच वर्षी सीनेटर ह्युबर्ट हम्फ्री आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉन सेलर यांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पहिलं विधेयक मांडलं. ते लिहिलं होतं विल्डरनेस सोसायटीच्या हॉवर्ड झानायझर यांनी. आठ वर्षं सुनावण्या, फेरबदल आणि तडजोडी चालल्या. मसुदा ६६ वेळा नव्याने लिहिला गेला असं सांगतात. शेवटी सीनेटमध्ये ७३ विरुद्ध १२ आणि प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध १ अशा मतांनी तो मंजूर झाला. ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. झानायझर मे महिन्यातच वारले होते. सहीच्या वेळी त्यांच्या पत्नी ॲलिस उपस्थित होत्या. एका माणसाने आठ वर्षं एकाच कागदावर जीव लावावा आणि सही पाहायला राहू नये, याची मला आजही हळहळ वाटते.

३. हा दर्जा कोण देतं? राष्ट्राध्यक्ष जाहीर करू शकतात का?

नाही. फक्त काँग्रेस. दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर करायचं आणि राष्ट्राध्यक्षांनी सही करायची. या कायद्याचा सगळा जोर माझ्या मते याच एका अटीत आहे.

राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या अधिकारात नॅशनल मॉन्युमेंट जाहीर करू शकतात. त्यासाठी १९०६ चा पुरातन वास्तू कायदा आहे. त्याचं काय होऊ शकतं ते युटातल्या बेअर्स इअर्सने दाखवलं. २०१६ मध्ये ओबामांनी ते जाहीर केलं, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी त्याचा मोठा भाग कापला, २०२१ मध्ये बायडन यांनी तो परत जोडला. विल्डरनेसची हद्द अशी एका सहीने हलत नाही. तिच्यासाठी पुन्हा काँग्रेसमध्येच जावं लागतं. हे कवच कुठे फटीचं आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

४. “स्टडी एरिया” आणि “रोडलेस एरिया” म्हणजे विल्डरनेसच का?

दोन्ही दर्जे अर्धवट आहेत. १९७६ च्या कायद्याने ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटला आपल्या जमिनी तपासून कोणत्या विल्डरनेस होण्याच्या लायकीच्या आहेत ते सांगायला लावलं. अशा जमिनी म्हणजे स्टडी एरिया. काँग्रेस निर्णय घेईपर्यंत त्या बिघडू द्यायच्या नाहीत असं बंधन आहे. काही ठिकाणं कित्येक दशकं त्या निर्णयाची वाट पाहत आहेत.

रोडलेस एरिया वनसेवेच्या २००१ च्या नियमातून आल्या, सुमारे ५.८५ कोटी एकर. तिथे नवे रस्ते आणि वृक्षतोड यांवर निर्बंध आले. पण हा खात्याचा नियम आहे, आणि २०२५ मध्ये सरकारने तो मागे घेण्याची प्रक्रिया सुरू केली. नकाशावर दोन्ही रानं सारखीच हिरवी दिसतात, पण एकाच्या मागे कायदा उभा आहे आणि दुसऱ्याच्या मागे अधिसूचना.

५. अशी जमीन एकूण किती? आमच्या राज्यात आहे का?

१९६४ मध्ये ५४ भाग आणि ९१ लाख एकर होती. आज ८०० हून अधिक भाग आणि ११ कोटी एकरांपेक्षा जास्त, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट. निम्म्याहून अधिक एकट्या अलास्कात, कारण १९८० च्या अलास्का कायद्याने एका फटक्यात सुमारे ५.६ कोटी एकरांना हा दर्जा दिला. सर्वांत मोठा भाग तिथलाच रँगेल-सेंट एलायस, साधारण दहा गोवे मावतील एवढा. सर्वांत लहान फ्लोरिडातलं पेलिकन बेट, साडेपाच एकरांच्या आसपास.

कनेक्टिकट, डेलावेअर, आयोवा, कॅन्सस, मेरीलँड आणि ऱ्होड आयलंड या सहा राज्यांत एकही नाही. न्यू जर्सीकरांनी मात्र निराश होऊ नये: ग्रेट स्वॉम्प घराजवळच आहे.

६. आत नेमकं काय चालत नाही?

व्यापारी उद्योग आणि कायमचे रस्ते मुळीच नाहीत. तात्पुरते रस्ते, मोटारगाड्या, मोटरबोटी, विमान उतरवणं, इंजिनावर चालणारी अवजारं, कोणतंही यांत्रिक वाहन, इमारती आणि बांधकामं यांवरही बंदी आहे. ही बंदी खात्याच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. वाटेवर आडवं पडलेलं झाड कापायचं तर ते चेनसॉ घेऊन जात नाहीत. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवत वापरतात, आणि सामान खेचरांवर लादून नेतात.

अपवाद आहे: क्षेत्राच्या व्यवस्थापनासाठी किमान आवश्यक असेल तेवढंच. “सोयीचं” किंवा “स्वस्त” पुरेसं नाही, आवश्यकता लेखी सिद्ध करावी लागते. पुढच्या बहुतेक वादांचं मूळ याच शब्दांत आहे.

तुमचा हेडलॅम्प, कॅमेरा, फोन, गॅसची छोटी शेगडी यांची काळजी करू नका. हातात मावणारी लहान उपकरणं वनसेवेच्या नियमांत स्पष्टपणे वगळली आहेत.

७. आम्ही पंचवीस जण हाफ डोमला जातोय. एकाच परमिटवर भागेल ना?

नाही. योसेमिटीच्या विल्डरनेसमध्ये पायवाटेवर एका गटात जास्तीत जास्त १५ आणि पायवाट सोडली तर ८ जण चालतात. दोन गट करून पुढेमागे चालायचं आणि मुक्कामाला एकत्र यायचं, ही युक्तीही नियमाला धरून नाही. मर्यादा लोकांचं दडपण कमी करण्यासाठी आहे, कागद जुळवण्यासाठी नाही.

हाफ डोम या योसेमिटीतल्या कातळशिखराच्या चढावर आधाराच्या केबल लावलेल्या असतात त्या काळात वर चढायला वेगळं परमिट लागतं. दिवसाला साधारण ३०० जणांना ते मिळतं, आणि हंगामापूर्वीची मुख्य सोडत मार्चमध्ये असते. रात्रीच्या मुक्कामाला विल्डरनेस परमिट लागतं, अस्वलांपासून अन्न वाचवणारा कडक डबा सक्तीचा आहे, आणि तंबू पाण्यापासून व वाटेपासून किमान १०० फूट लांब लावायचा. माउंट व्हिटनी आणि वॉशिंग्टनमधल्या एन्चँटमेंट्सलाही सोडत आहे. उलट अनेक कमी प्रसिद्ध भागांत वाटेच्या तोंडाशी फॉर्म भरून पेटीत टाकला की झालं. मोठा गट असेल तर मी नेहमी हेच सुचवतो: नावाजलेलं शिखर सोडा, जवळच्या नॅशनल फॉरेस्टमधला अनोळखी विल्डरनेस शोधा.

८. सायकल का नाही? तिला कुठे इंजिन असतं! आणि बाळाची स्ट्रॉलर?

कायद्यात मोटारगाड्यांच्या पुढे “यांत्रिक वाहतुकीचा अन्य कोणताही प्रकार” असा उल्लेख आहे. १९६४ मध्ये माउंटन बाइक नव्हती, त्यामुळे वाद झाला. वनसेवेने १९८४ मध्ये नियम स्पष्ट करून सायकलींवर बंदी पक्की केली. ती उठवण्यासाठी काँग्रेसमध्ये विधेयकंही आली, पण मंजूर झाली नाहीत. सायकलस्वारांची नाराजी मला समजते, कारण नवा विल्डरनेस झाला की कधी त्यांची जुनी आवडती वाट बंद होते. म्हणून अलीकडची काही विधेयकं हद्द आखतानाच अशा वाटा बाहेर ठेवतात, आणि तो मार्ग मला बंदी सैल करण्यापेक्षा पुष्कळ बरा वाटतो.

स्ट्रॉलर आणि चाकांच्या गाड्याही याच बंदीत येतात. बाळाला पाठीवरच्या कॅरियरमध्ये घ्या.

९. आई व्हीलचेअर वापरते. तिला आत नेता येईल का?

हो, नक्की नेता येईल. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्यात विल्डरनेसचा वेगळा उल्लेख आहे. चालता न येणाऱ्या व्यक्तीसाठी बनवलेली आणि घरातही वापरण्याजोगी व्हीलचेअर, बॅटरीवर चालणारी असली तरी, आत चालते. मात्र तिच्यासाठी वाट रुंद करणं किंवा फरसबंदी करणं खात्याला बंधनकारक नाही. त्यामुळे आधी रेंजर कार्यालयाला फोन करून सपाट वाट कोणती ते विचारा.

१०. ड्रोन? आणि अपघात झाला तर हेलिकॉप्टर येईल का?

ड्रोन नाही. विल्डरनेसमधून तो उडवता किंवा उतरवता येत नाही. नॅशनल पार्कांत २०१४ पासून सगळीकडेच बंदी आहे.

हेलिकॉप्टर येऊ शकतं. माणसाच्या जिवाचा आणि आरोग्याचा प्रश्न असेल अशी आणीबाणी कायद्यातच अपवाद म्हणून नोंदवली आहे. पण ते येईल या भरवशावर जाऊ नका. हवा, दरी आणि अंधार यांवर सगळं अवलंबून असतं. फोनला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र सोबत ठेवा. ते न्यायला पूर्ण मुभा आहे.

११. आम्ही आत गाई चरताना पाहिल्या, मोटरबोट पाहिली, एकदा तर विमान उतरताना पाहिलं. मग हे काय?

१९६४ च्या तडजोडी आहेत या. पश्चिमेकडच्या राज्यांची मतं त्यांच्याशिवाय मिळाली नसती.

दर्जा मिळण्याआधीपासून चराई चालू असेल तर ती चालू राहते. नॅशनल फॉरेस्टमधल्या विल्डरनेसमध्ये राज्याच्या नियमांनुसार शिकारही चालते. नॅशनल पार्कांत मात्र ती बहुतेक ठिकाणी बंद आहे. मोटरबोटी आणि विमानं यांची आधीपासूनची वहिवाट असेल तिथे ती चालू ठेवता येते. आयडाहोतल्या फ्रँक चर्च विल्डरनेसमध्ये म्हणूनच धावपट्ट्या आणि जेटबोटी आहेत, आणि मिनेसोटाच्या बाउंड्री वॉटर्समध्ये ठरावीक तळ्यांवर मोटर चालते. अलास्कात पारंपरिक कामांसाठी स्नोमोबाइल, बोट आणि विमान यांना मुभा आहे, कारण तिथल्या गावांना दुसरा मार्गच नाही.

सर्वांत कडू तडजोड खाणींची होती: १९८३ च्या अखेरपर्यंत विल्डरनेसमध्येही नवे दावे करता येत होते. ती मुदत संपली. त्याआधीचे वैध हक्क मात्र उरले.

१२. सीमेला लागून खाण किंवा रिसॉर्ट आलं तर कायदा थांबवतो का?

थांबवत नाही. भारतात अभयारण्यांभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आखतात, तसा पट्टा इथे आपोआप मिळत नाही. उलट अनेक विल्डरनेस विधेयकांत “हद्दीबाहेर संरक्षक पट्टा निर्माण होणार नाही” असं कलमच असतं. बाउंड्री वॉटर्सच्या पाणलोटातल्या, पण हद्दीबाहेरच्या जमिनीवर २०२३ मध्ये सरकारने २० वर्षांसाठी नव्या खाणपट्ट्यांना बंदी केली, आणि वाद पुढेही चालूच राहिला. पाणी हद्द ओळखत नाही, म्हणून मला ही कायद्यातली खरी उणीव वाटते.

१३. प्राण्यांच्या भल्यासाठी काही बांधलं तरी चालत नाही? हा हट्ट नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ॲरिझोनातल्या कोफा विल्डरनेसमध्ये वाळवंटी मेंढ्यांची संख्या घटली. खात्याने २००७ मध्ये यंत्रं नेऊन पाण्याच्या दोन टाक्या बसवल्या. खटला झाला, आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की मेंढ्या वाचवणं हा उद्देश योग्य आहे, पण टाक्याच आवश्यक होत्या, शिकार किंवा पायवाटा बंद करून भागलं नसतं, हे खात्याने दाखवलेलं नाही.

दुसरीकडे लेक सुपीरियरमधलं आयल रॉयल बेट. तिथे लांडगे दोनच उरले होते आणि मूस (मोठ्या आकाराची हरणं) बेसुमार वाढत होते. पार्क सेवेने आधी अनेक वर्षं अभ्यास केला, लोकांची मतं मागवली आणि मग २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडले. हस्तक्षेप झाला, पण कारण लेखी मांडून. काहींच्या मते तेही चूक होतं: निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्यायला हवं होतं. माझं मत तसं नाही. हिवाळ्यात तळं गोठून होणारे बर्फाचे पूल कमी झाल्याने लांडग्यांना बेटावर येणं अवघड झालं, आणि हवामानबदलात माणसाचा हात आहेच.

तिसरं उदाहरण वॉशिंग्टनमधलं. ग्लेशियर पीक विल्डरनेसमधली ग्रीन माउंटन ही वणव्यावर नजर ठेवायची जुनी चौकी खात्याने हेलिकॉप्टर वापरून दुरुस्त केली. २०१२ मध्ये न्यायालयाने ती हलवायला सांगितलं. जवळच्या गावांचा तिच्यावर जीव होता. २०१४ मध्ये काँग्रेसने फक्त त्या चौकीसाठी कायदा करून ती जागेवर ठेवली. मला हा शेवट पटतो. चौकी ठेवायची की नाही यापेक्षा, अपवाद ज्याने करायला हवा त्यानेच तो उघडपणे केला, हे महत्त्वाचं आहे.

१४. एकदा मिळालेला दर्जा काढून घेता येतो का?

काँग्रेसला येतो. प्रत्यक्षात ती ते फार क्वचित आणि लहान प्रमाणात करते. फट आहे ती जमिनीच्या अदलाबदलीत.

अलास्कातलं किंग कोव्ह हे गाव घ्या. हवामान इतकं वाईट की आजारी माणसाला विमानाने हलवणं अनेकदा अशक्य होतं. कोल्ड बे इथल्या मोठ्या धावपट्टीपर्यंत रस्ता हवा, आणि तो इझेमबेक विल्डरनेसमधून जातो, लाखो स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या मुक्कामाच्या ठिकाणाजवळून. काँग्रेसने २००९ मध्ये अदलाबदलीचा पर्याय दिला, २०१३ मध्ये मंत्रालयाने नकार दिला, पुढच्या सरकारांनी तो विषय पुन्हा काढला आणि प्रकरण न्यायालयांत गेलं. तिथल्या रहिवाशांचं दुखणं खरं आहे, ते कोणी हलक्यात घेऊ नये. पण असा रस्ता द्यायचाच असेल तर काँग्रेसने समोरासमोर मतदान करून द्यावा. मंत्रालयाने करार करून विल्डरनेसची जमीन बाहेर काढायची प्रथा पडली, तर प्रश्न ३ मधलं कवच पोकळ होईल.

१५. “मानवविरहित” रान म्हणतात, पण तिथे आदिवासी राहत होतेच ना?

राहत होते. योसेमिटीच्या खोऱ्यातून अहवानीची लोकांना १८५१ मध्ये बळाने हाकललं गेलं. “रिकाम्या” दिसणाऱ्या कित्येक रानांत पिढ्यान्‌पिढ्या लोक वणवे लावून कुरणं राखत होते. कायद्याची भाषा हे मान्य करत नाही, आणि ही टीका रास्त आहे. अलास्काच्या कायद्याने पोटापुरत्या शिकारीला आणि मासेमारीला जागा दिली. मोंटानात सेलिश आणि कुटनाय जमातींनी १९८२ मध्ये आपल्याच जमिनीवर मिशन माउंटन्स हा आदिवासी विल्डरनेस जाहीर केला. तो कुणी वरून लादलेला नाही, म्हणून मला तो विशेष वाटतो.

१६. भारतात असा कायदा आहे का? ताडोबा विल्डरनेस मानता येईल का?

थेट असा दर्जा नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्याचा भर प्राण्यांच्या रक्षणावर आहे. ताडोबात जिप्सीतून फिरतात आणि खाली उतरायला मनाई असते. विल्डरनेसमध्ये नेमकं उलटं: जिप्सी अशक्य, आणि पायी कुठेही जा. वाघाच्या रानात पायी सोडणं शक्य नाही हे उघड आहे, त्यामुळे एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट म्हणता येणार नाही.

हद्दीच्या बाबतीत मात्र आपण काही गमावलं आहे. पूर्वी अभयारण्याची किंवा राष्ट्रीय उद्यानाची हद्द बदलायला राज्याच्या विधिमंडळाचा ठराव लागायचा. २००२ च्या दुरुस्तीने ती अट गेली आणि त्या जागी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आली. सोलापूर-नगरचं माळढोक अभयारण्य साडेआठ हजारांहून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आलं. त्यात शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी अडकल्या होत्या, त्यामुळे फेरआखणीची गरज होतीच. तरी हद्दीचे निर्णय निवडून आलेल्या सभागृहात, चर्चा होऊन व्हावेत, ही जुनी तरतूद परत यावी असं मला मनापासून वाटतं.

१७. आम्ही एच-वन व्हिसावर आहोत. आमच्या मताला किंमत आहे का?

मतदान करता येत नाही, पण खात्यांनी मागवलेल्या हरकती-सूचना कोणीही पाठवू शकतो. नागरिकत्वाची अट नाही. व्यवस्थापन आराखडा, नवा परमिट कोटा, टाकी किंवा चौकी, सगळ्यांसाठी ठरावीक मुदत असते. छापील मजकुराच्या हजार प्रतींपेक्षा एक नेमकं पत्र जास्त वाचलं जातं: कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात गेलात, काय पाहिलंत, कोणता पर्याय हवा आणि का. मुदत संपल्यावर आलेलं पत्र विचारात घेतलंच जाईल असं नाही, म्हणून तारीख आधी पाहा.